औषधांच्या कपाटाला कुलूप नव्हतं

आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. स्टोअरकीपर म्हणजे ज्याच्या सहीशिवाय नटबोल्टसुद्धा जागचा हलत नाही असा माणूस. मोठे साहेब असोत नाहीतर कालच लागलेला कामगार, चिठ्ठी आणली तर वस्तू मिळेल, नाहीतर हात हलवत परत. कारखान्यात त्यांच्या पाठीमागे त्यांना काय काय म्हणत असत ते मला ठाऊक आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही. निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि ती सगळी शिस्त शाल-नारळासकट माझ्या घरी आली.

पहिला महिना त्यांनी माझं स्वयंपाकघर लावलं. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या, जिरं-मोहरीला नंबर पडले. एकदा मी तूरडाळ काढायला गेले तर मागून आवाज आला, "आधी मागचा डबा संपव. जुना माल आधी." मी हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं. म्हटलं, "अहो, तीस वर्षं मी तुमच्या स्टोअरमध्ये पाऊल टाकलं नाही. आता तुम्ही माझ्या स्टोअरमधून निघा!" निघाले बिचारे. आठ दिवस गॅलरीत बसून पेपर वाचला, पेपरच्या घड्या घालून तारखेप्रमाणे रचल्या, आणि मग त्यांना औषधांचा नाद लागला.

आमच्या घरात पूर्वी औषधांचा साठा वगैरे काही नव्हता. हळदीचा डबा, ओवा, बामची बाटली आणि माझ्या जुन्या सुती साडीच्या चिंध्या, संपला दवाखाना. कापलं की हळद, पोट दुखलं की ओवा, आणि कशानेच थांबलं नाही तर डॉक्टर. फार वर्षांपूर्वी हे एकदा कारखान्यातून दोन्ही तळपाय चिरून घेऊन आले होते. काचेवर पाय पडला म्हणाले. "दोन्ही पाय एकदम पडतात का काचेवर? आणि चपला कुठे ठेवल्या होत्या, देव्हाऱ्यात?" असा मी तोंडाचा पट्टा सोडला आणि तो चालू ठेवूनच हळद भरून चिंध्या बांधल्या. आठ दिवस टाचांवर चालत होते. आठही दिवस मी चपलांवरून बोलत होते. हे हूं की चूं करत नव्हते.

तर आता तो हळदीचा जमाना संपला. कोरोनाच्या साली एका ऑक्सिमीटरसाठी हे अख्खं नाशिक पालथं घालून रिकाम्या हाती आले होते, ते त्यांच्या मनाला लागलं होतं. पुढे त्यांनाच दमा निघाला. मग काय, आयतंच निमित्त झालं. हॉलमधलं लोखंडी कपाट, ज्यात माझ्या चांगल्या साड्या होत्या, ते रिकामं झालं. साड्या गेल्या पलंगाखाली आणि कपाटात आली औषधं. वरच्या खणात बँडेज, कापूस, चिकटपट्टी, जखम धुवायचं औषध. मधल्या खणात थर्मामीटर, बीपीचं मशीन, गरम पाण्याची पिशवी, गुडघ्याचा पट्टा, जुलाबावरची पावडर. खालच्या खणात एका खोक्यात यांचं वाफेचं मशीन. दमा उसळला की त्यात डॉक्टरांनी दिलेलं औषध घालायचं आणि मास्क लावून वाफ ओढायची. "घरात असू द्या. पंपाने नाही भागलं तर आधी हे लावायचं आणि तसंच मला गाठायचं," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या एका खोक्याला आमच्या घरात देवाच्या खालोखाल मान होता.

प्रत्येक वस्तूसमोर दोऱ्याला एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकलं. कारखान्यात असायचं तसंच. किती नग आले, किती गेले, किती उरले. वस्तू हवी तर चिठ्ठी लिहायची. एकदा कांदा चिरताना माझं बोट कापलं. रक्त ठिबकतंय, मी कपाटाशी उभी, आणि हे चष्मा पुसत विचारतात, "जखम साधारण किती मोठी आहे?" मी म्हटलं, "तुमच्या अकलेएवढी. बारीकच आहे. पट्टी द्या." पट्टी दिली, पण कार्डावर नोंद केल्याशिवाय नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी आंघोळ करून, पूजेला बसावं तसे कपाटासमोर बसायचे आणि एकेक खोकं हातात घेऊन वजन जोखायचे. उघडून बघायची गरज नाही म्हणायचे. तीस वर्षांचा हात आहे.

एक गोष्ट मात्र मला कधी कळली नाही. कारखान्यात चहापत्तीच्या डब्यालासुद्धा कुलूप घालणाऱ्या या माणसाने घरातल्या कपाटाला कुलूप लावलं नाही. कपाटाला स्वतःचं कुलूप होतं, तेही त्यांनी माणूस बोलावून काढून टाकलं. तिथे नुसतं भोक राहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "गंजलं होतं." कसलं गंजलंय! माझ्या साड्या होत्या तेव्हा लोण्यासारखं चालत होतं.

पण मला ते पथ्यावरच पडलं. कारण मला एक वाईट खोड आहे. दारात कोणी काही मागायला आलं की माझ्या तोंडून नाही निघत नाही. वाटीभर साखर, चार मिरच्या, विरजण, आम्ही बायका एकमेकींकडून उसनं आणतोच. तसंच हळूहळू औषधांचं सुरू झालं. दोन नंबरच्या फ्लॅटमधल्या आजींचं पोट दुखलं, गरम पाण्याची पिशवी गेली. वरच्या मजल्यावरची पोरगी स्कूटीवरून पडली, बँडेजचे तीन रोल गेले. झाडूवाल्या मावशींचा गुडघा, पट्टा गेला. बीपीचं मशीन तर सोसायटीभर असं फिरायचं की शेवटी ते कुठल्या घरी आहे हे मलाच आठवेना. चिठ्ठी लिहिणार कोण? माझ्या घरातली वस्तू द्यायला मी चिठ्ठी लिहू? डोंबल! हे सकाळी फिरायला गेले की मी कपाट उघडायचे, वस्तू काढायचे आणि रिकामं खोकं जागच्या जागी ठेवायचे. रविवारी वजन लागलं पाहिजे म्हणून त्यात काहीतरी भरायचे. पिशवीच्या खोक्यात जुने मोजे, बीपीच्या खोक्यात मुलाच्या शाळेतली कंपासपेटी. रविवारी हे जोखायचे, मान डोलवायचे, आणि मी स्वयंपाकघरातून चोरून बघत पदराआड हसायचे. तीस वर्षांचा हात म्हणे!

वाफेच्या मशीनला मात्र मी हात लावत नव्हते. एवढी अक्कल मला होती.

मग डिसेंबरात चार नंबरमधली सूनबाई आली. तिचं बाळ दहा महिन्यांचं, गोरंगोमटं, आणि छातीत नुसती घरघर. डॉक्टरांनी वाफ द्यायला सांगितली होती, मशीन मागवलं होतं ते यायचं होतं. "काकू, दोनच दिवस," म्हणाली. बाळ माझ्याकडे बघून हसलं आणि हसता हसता त्याला असा खोकला आला की माझं काळीज हललं. यांचा त्या हिवाळ्यात दमा अगदी गप्प होता. दोनच दिवसांचा प्रश्न. मी मशीन काढलं, तिच्या हातात दिलं आणि रिकाम्या खोक्यात दीड किलो साबुदाण्याची पिशवी ठेवली. वजन अगदी बरोबर. रविवारी यांनी खोकं उचललं, क्षणभर तसंच धरलं, आणि परत ठेवलं. 

दोन दिवसांचे दहा झाले. तिने मागवलेलं मशीन आलं ते बिघडलेलं, ते परत गेलं. मग आली संक्रांत, आणि ती बाळाला घेऊन माहेरी गेली निफाडला, बोरन्हाण करायला. पहिलं बोरन्हाण, आजोळी झालंच पाहिजे. आणि निफाडच्या थंडीत बाळाला त्रास नको म्हणून मशीनही बरोबर नेलं. मला हे फोनवर कळलं. "काकू, परवा येतेच!" म्हणाली. मागे बाळ खिदळत होतं, बायका गात होत्या. मी म्हटलं, "ये गं सावकाश." सावकाश! माझी जीभ झडो.

त्याच रात्रीपासून थंडी वाढली आणि सकाळी यांना खोकला लागला.

तेव्हापासून माझ्या डोक्याला दुसरा विषय नव्हता. हे खोकले की मी दचकायचे. पंप ओढला की मी मनात मोजायचे, किती वेळा ओढला. यांना वाफ लागली तर? खोक्यातून काय साबुदाणा ओढायला देऊ? रोज ठरवायचे, आज सांगून टाकायचं. आणि रोज चहाचा कप पुढे करून म्हणायचे, "आज गार आहे नाही?" हे म्हणायचे, "हो, गार आहे." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं मला वाटायचं की हे माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघतायत. निफाडला रोज फोन. "काकू, उद्या नक्की." तिचा उद्या काही उजाडेना. एकदा वाटलं, एसटी धरावी आणि स्वतःच जाऊन आणावं. पण यांना सांगायचं काय? निफाडला माझं आहे कोण?

त्यात माझं हळदीकुंकू ठरलेलं. पंधरा बायकांना बोलावून बसले होते. यांनी दुपारीच विचारलं, "पुढे ढकलतेस का?" मी म्हटलं, "वाणं आणून झाली, तिळगूळ झाला, आता कसं ढकलायचं?" वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या. तर हे नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत दार लावून बसले. संध्याकाळी पाचला बायका आल्या. काळ्या साड्या, गजरे, हसणं-खिदळणं, नावं घेणं. आणि मी महामूर्ख बाईने, प्रसन्न वाटावं म्हणून देवीपुढे धूप लावला. घरात दम्याचा माणूस, आणि मी धूप लावला! आजही ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटतं.

मी चौथीला हळद लावत होते तेव्हा आतलं दार उघडलं. हे चौकटीला धरून उभे. खांदे वरखाली होत होते, ओठ पांढरे पडले होते. हातात पंप. म्हणाले, "दोनदा... ओढला." आणि मग, "मशीन."

 कोणीतरी उठून खुर्ची दिली, कोणीतरी धूप उचलून बाहेर नेला, खिडक्या उघडल्या. मी कपाटाकडे धावले. आत काय आहे ते मला माहीत होतं, तरी धावले. वेडी आशा असते हो माणसाला. खोकं ओढलं, झाकण उघडलं, आणि हातातून साबुदाण्याची पिशवी सुटून फरशीवर फुटली. पांढरे दाणे पार सोफ्याखाली गेले. पंधरा बायका बघतायत. दोन नंबरच्या आजी म्हणाल्या, "अगं बाई, साबुदाणा?"  मी तिथेच फरशीवर बसले आणि म्हणाले, "अहो, मशीन नाही. मी देऊन टाकलं. माझं चुकलं हो, माझं चुकलं."

यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बोलायला दम नव्हता, म्हणून त्यांनी हाताचा तळवा माझ्यासमोर धरला आणि उलटा केला. मला कळेना. परत उलटा केला आणि बोटाने कपाटाकडे दाखवलं. खालच्या खणाशी ते कार्ड लटकत होतं. मी ते उलटलं.

कार्डाची मागची बाजू मी जन्मात बघितली नव्हती. मागे यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, "नग एक. चार नंबरच्या बाळासाठी गेले. सध्या निफाड. खोक्यात साबुदाणा. हिला बोलू नये. नग दोन नवीन आणला. जागा: गॅलरी, कुलरच्या आत."

मी साबुदाण्यावरून घसरत गॅलरीत गेले. कुलर थंडीत जुनी चादर गुंडाळून ठेवलेला असतो, उन्हाळ्यापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. चादर ओरबाडली, जाळी काढली. आत प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधलेलं कोरं करकरीत मशीन, मास्क, औषधाच्या कुप्या, सगळं जागच्या जागी. एकीने वायर लावली, एकीने कुपी फोडून दिली, मी मास्क यांच्या तोंडाला धरला. मशीन घरघरायला लागलं. काळ्या साड्यांतल्या पंधरा बायका हळदीकुंकवाची बोटं तशीच धरून त्यांच्या छातीकडे बघत उभ्या होत्या. असं हळदीकुंकू नाशकात दुसरीकडे कुठे झालं नसेल. दहा मिनिटांनी खांदे जरा खाली आले, ओठांवर रंग आला. तेव्हा आजी म्हणाल्या, "वाण राहू दे गं. गाडी काढायला सांग कोणाला, आधी डॉक्टर." वरच्या मजल्यावरच्यांनी गाडी काढली. डॉक्टरांनी तीन तास ठेवून घेतलं, औषधं वाढवून दिली आणि सोडलं. माझी मात्र त्यांनी धुपावरून जी हजेरी घेतली ती घेतलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे उन्हात बसले होते, अंगात स्वेटर, डोक्याला माझी शाल. मी कपाटातली सगळी कार्डं सोडून आणली आणि एकेक उलटून वाचायला लागले. "गरम पाण्याची पिशवी. दोन नंबरच्या आजी. खोक्यात मोजे. शेरा: पोट थांबले." "बँडेज, तीन नग. वरची मुलगी. शेरा: टाके नाही पडले." "गुडघ्याचा पट्टा. झाडूवाल्या मावशी. शेरा: जिना चढतात. पट्टा परत मागू नये." बीपीचं मशीन कुठल्या घरातून कुठल्या घरी गेलं, तो अख्खा प्रवास लिहिलेला. म्हणजे हा माणूस सकाळी फिरायला जातो म्हणून जायचा आणि घरोघरी जाऊन चौकशी करून यायचा! आणि मी इकडे पदराआड हसत होते.

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"तीस वर्षांचा हात आहे," म्हणाले. "मोजे आणि पिशवी कळणार नाहीत?"

"मग मला सांगितलं का नाही? आणि दुसरं मशीन आणलंत ते लपवलंत कशाला? मी मेले असते काल भीतीने!"

"सांगितलं असतं तर तेही निफाडला गेलं असतं."

 खरंच गेलं असतं.  मग म्हटलं, "एवढं होतं तर सरळ कुलूप लावायचं कपाटाला. तुम्ही तर आहे ते काढून टाकलंत."

यांनी माझ्या मांडीवरच्या कार्डांची चळत सरळ केली.  मग म्हणाले, "एकदा लावलं होतं."

आणि मग सांगितलं. इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतो, पण हे मला माहीत नव्हतं. कारखान्यात प्रथमोपचाराची पेटी यांच्या ताब्यात होती. लोक त्यातला कापूस मशीन पुसायला न्यायचे, म्हणून यांनी तिला कुलूप घातलं. किल्ली यांच्या खिशात. एक दिवस हे मालाचा ट्रक उतरवून घ्यायला गेटवर गेले होते आणि इकडे एका कामगाराचा हात मशीनमध्ये गेला. पेटी समोर भिंतीवर, भरलेली, आणि कुलूपबंद. कोणीतरी गेटवर ओरडत आलं, हे परतले, पेटी उघडली. "बोट गेलं त्याचं," हे म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, पेटी उघडी असती तरी गेलंच असतं. पण तेवढा वेळ तो त्या पेटीकडे बघत उभा होता ना." मांडीवरच्या कार्डांत तळाला एक जुनं, पिवळं पडलेलं कार्ड होतं. कारखान्यातून येताना बरोबर आणलेलं. "प्रथमोपचार पेटी. किल्ली: माझ्याकडे." पुढे शेऱ्याची जागा कोरी होती.

"सिन्नरचे ते? दसऱ्याला येतात ते?" मी विचारलं. यांनी मान हलवली.

कारखान्यातलं आमच्याकडे कधी कोणी येत नाही, ते एक सोडून. सिन्नरच्या बाजूला त्यांचं आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. दर दसऱ्याला सोनं द्यायला येतात, आपट्याची पानं उजव्या हाताने देतात आणि त्या हाताला चार बोटं आहेत. सातपुरात अशी माणसं पुष्कळ दिसतात, म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. हे आत जाऊन कागदात बांधलेलं एक पुडकं त्यांना द्यायचे. मी समजत होते, मिठाई. ते होतं बँडेज आणि कापूस, त्यांच्या वर्कशॉपच्या पेटीसाठी.

मला रडू आलं. त्यांना म्हटलं, "इतकी वर्षं एकट्याने कशाला घेऊन बसलात?" तर म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू सोसायटीभर सांगितलं असतंस." तेही खरं.

निफाडहून मशीन आलं. बाळाला बरं वाटत होतं, गालांना तिळगुळाचे तीळ लागलेले होते. साबुदाणा बराचसा केरात गेला, उरलेल्याची खिचडी झाली. दुसऱ्या मशीनची जागा यांनी लगेच बदलली. कुलरमध्ये मी बघितलं, तिथे नव्हतं. पुढे शोधलं नाही. असेल घरातच.

मग दसरा आला. संध्याकाळी सिन्नरचे आले. यांना सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. हे पुडकं आणायला आत गेले, तशी मी संधी साधली. हळू आवाजात म्हटलं, "मला सगळं कळलं हो, भाऊ. ते किल्लीचं. तुम्हाला यांचा कधी राग नाही आला?"

ते गोंधळले. "कसली किल्ली, वहिनी?"

"पेटीची. कुलूप होतं ना पेटीला त्या दिवशी."

"आसंल," ते म्हणाले. "आपल्याला काय ते ध्यानात नाय. आपल्याला साहेब ध्यानात हायत. गेटापासून पळत आले. मधी कुठं चपला गळाल्या, त्या बी नाय बघितल्या. लेथखाली लोखंडाचा कीस पडलेला आसतो, ब्लेडासारखा. त्याच्यावरून अनवाणी आले, वहिनी. दोन्ही पायातून रगत. मी म्हनलं, साहेब, पाय. तर म्हनले, गप, हात वर धर. आन आधी माझा हात बांधला. बोटाचं लय नाय वाटत आता. पन ते पाय आजून दिसतात."

हे पुडकं घेऊन बाहेर आले. "काय चाललंय?" म्हणाले. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. घरातल्या निळ्या सपाता होत्या पायात. आठ दिवस मी या पायांना चिंध्या बांधल्या होत्या आणि आठही दिवस चपलांवरून बोलले होते.

"काही नाही," म्हटलं, "चहा ठेवते," आणि आत जाण्याआधी कपाटाशी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या कार्डावर काही लिहिलं. ते पिवळं कार्ड काढलं आणि शेऱ्याच्या कोऱ्या जागेत लिहिलं, "अनवाणी पळत आले." मग डोळे पुसले आणि चहा टाकला.